शेप्याची साल

त्या वर्षी पौष संपता संपता शेप्या इतका मोहरला, की झाडावर पान शोधावं लागत होतं.

शेप्या म्हणजे सुंदरबाईंचा आंबा. फळाला शेपूसारखा वास, म्हणून हे नाव. चोपड्याहून सातपुड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून त्यांचा केळीचा मळा होता आणि मळ्यात विहिरीच्या अलीकडे हे एकच मोठं झाड होतं. कुंदन पोटात होता तेव्हा सुंदरबाईंनी आपल्या आईच्या दारातल्या आंब्याची कोय शिरपूरकडच्या माहेराहून पदराला बांधून आणली आणि इथे लावली. पुढे माहेरचं झाड रस्ता रुंद करताना गेलं. आई तर त्याआधीच गेली होती. त्यामुळे तो वास आता जगात कुठे उरला असेल तर या मळ्यात, असं सुंदरबाई मानत. मानत असत एवढंच, बोलून दाखवत नसत. त्या मुळातच कमी बोलायच्या. गाव त्यांना अक्का म्हणे, घरातही सगळे अक्काच म्हणत.

भाविका या घरात येऊन दोन वर्षं झाली होती. तिचं माहेर जळगावात, पिंप्राळ्याला. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झाली आणि वर्षभरात तिचं कुंदनशी लग्न झालं. तिच्या शिक्षणाबद्दल घरात आदर होता, पण त्याचं करायचं काय हे कुणाला ठाऊक नव्हतं. सासरे चुडामण आबा आल्यागेल्याला कौतुकाने सांगत, "आमनी सून एम.एस्सी. शे." पाहुणा मान डोलवे आणि बोलणं पुन्हा केळीच्या भावावर येई. भाविका चहा घेऊन यायची, कप घेऊन जायची. तिला इथे दुःख असं काही नव्हतं. कुंदन समजूतदार होता, आबा मायाळू होते, अक्का कडक असल्या तरी टाकून बोलणाऱ्या नव्हत्या. पण कधीकधी दुपारी भांडी घासून झाल्यावर तिला वाटायचं, की आपण एक मोठी पेटी घेऊन आलो आहोत आणि ती कुणी उघडायलाच सांगत नाही.

मोहर बघून अक्का खुशीत होत्या. लोणच्याच्या बरण्या उन्हात पालथ्या घालण्याची भाषा त्या माघातच करू लागल्या.

मग एके दिवशी कुंदन आणि आबांनी ठिबकच्या जुन्या नळ्या काढायला घेतल्या. पावसाळ्यात नवीन नळ्या अंथरल्या तेव्हा जुन्यांची वेटोळी शेप्याच्या बुडाशी रचून ठेवली होती. ढीग चांगला कमरेएवढा होता. भाविका चहा घेऊन गेली तेव्हा शेवटची वेटोळी निघत होती, आणि कुंदन वाकलेला तसाच थांबला होता.

"भाविका, इकडे ये जरा."

बुंध्यावर, जमिनीपासून हातभर उंचीवर, साल नव्हती. वीतभर रुंदीचा पट्टा सोलून काढल्यासारखा होता आणि आतलं लाकूड उघडं पडून वाळलं होतं. लाकडावर रुंद दातांच्या खुणा होत्या. खाली मातीत काळेपांढरे दोन काटे पडले होते.

"साळिंदर," कुंदन म्हणाला. "ढिगामागे लपून खाल्लंय. आपल्याला पत्ताच नाही."

आबांनी वर पाहिलं. "झाड तं हिरवंगार शे. मोहर दख कितला उना. काई व्हत नही त्याले."

भाविकाने चहाची किटली खाली ठेवली आणि झाडाभोवती हात फिरवत एक फेरी मारली. कुठेतरी बोटभर तरी साल शिल्लक असेल या आशेने ती विहिरीच्या बाजूला गुडघ्यावर बसली, हाताने माती बाजूला केली. नव्हती. पट्टा पूर्ण गोल फिरला होता.

"आबा, मोहर म्हणूनच आलाय," ती म्हणाली.

दोघं तिच्याकडे बघत राहिले. तिने सांगायला सुरुवात केली. पहिल्या वाक्याला तिला स्वतःचाच आवाज परका वाटला, इतके दिवस ती या विषयावर कुणाशी बोलली नव्हती.

पाणी मुळांपासून वर जातं ते लाकडातून, म्हणून पानं अजून हिरवी आहेत. पण पानं जे अन्न तयार करतात ते खाली मुळांना पोचतं सालीतून, सालीच्या आतल्या जिवंत थरातून. तो रस्ता साळिंदराने तोडला. त्यामुळे सगळं अन्न वरच अडकलं आणि झाडाने ते मोहरात घातलं. वर मेजवानी आहे, खाली मुळं उपाशी आहेत. साठवलेलं संपेपर्यंत ती तग धरतील. एक वर्ष, फार तर दोन.

आबांचा चेहरा उतरला. "म्हंजे हाई मोहर…"

"शेवटचा असू शकतो," भाविका म्हणाली.

घरी हे सांगायचं कुणी, यावर बापलेकात थोडी कुजबुज झाली. शेवटी घरी जाऊन सांगावंच लागलं नाही, कारण अक्का स्वतःच मळ्यात आल्या. त्यांनी एकदा बुंध्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काय व्हयनं मना झाडले?" कुंदनने सांगितलं. त्यांनी उघड्या लाकडावर तळवा ठेवला, थोडा वेळ तसाच राहू दिला आणि मग घरी गेल्या.

गावात गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. दोन दिवसांनी चोपड्याचा लाकडाचा व्यापारी सुपडू मोटरसायकलवरून आला. सुपडू पूर्वी सुतारकाम करायचा, नंतर लाकडाच्या धंद्यात पडला. माणूस वाईट नव्हता. त्याने बुंध्याला नख लावून पाहिलं, मान हलवली.

"अक्का, खरं सांगस. झाड आते ऱ्हास नही. वाळाना आधी तोडं तं लाकूड कामनं. उभं वाळनं तं भुंगा लागी जाई."

अक्का विहिरीकडे तोंड करून उभ्या होत्या. आबा कुंदनकडे बघत होते, कुंदन जमिनीकडे. भाविका थोडी मागे उभी होती. बोलावं की नाही हे तिच्या मनाने ठरवायच्या आधीच ती बोलून गेली.

"मला एकदा प्रयत्न करू द्या."

सुपडूने वळून पाहिलं. "कसाना प्रयत्न?"

"सालीचा पूल बांधायचा. याच झाडाच्या पेन्सिलीएवढ्या काड्या घ्यायच्या. खालचं टोक पट्ट्याच्या खाली जिवंत सालीत बसवायचं, वरचं टोक पट्ट्याच्या वर. दोन्हीकडे जीव धरला तर अन्न काड्यांमधून खाली जाईल. पुढे काड्याच जाड होतात."

"अशी कलम व्हस?" सुपडूला खरोखरच नवल वाटलं होतं.

अक्का पहिल्यांदा वळल्या. "तू कधी करेल शे का हाई?"

"नाही," भाविका म्हणाली. "कॉलेजात साधी कलमं केलीत. हे फक्त वाचलंय. सालीवर माझा अभ्यास होता, काड्यांचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. एवढ्या मोठ्या झाडावर मी काहीच केलेलं नाही."

"जगी का?"

"सांगता येत नाही, अक्का. नाही केलं तर जाईल, एवढं सांगता येतं."

हे उत्तर अक्कांना आवडलं की नाही ते कळलं नाही. त्या म्हणाल्या, "मंग कर."

आता पुढची गोष्ट सांगणं भाग होतं. भाविकाने एकदा कुंदनकडे पाहिलं आणि सांगून टाकलं. "पण मोहर काढावा लागेल. सगळा. फळं धरली तर झाडाची उरलीसुरली ताकद फळांत जाईल. मुळं तोपर्यंत टिकणार नाहीत."

"बठ्ठा मोहर?"

"सगळा."

तीस वर्षांत झाडाने असा मोहर दाखवला नव्हता. सुपडूसुद्धा वर बघून चुकचुकला. अक्का पदर खोचून घराकडे चालू लागल्या, आणि त्या रात्री जेवताना त्या कुणाशीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही तसंच गेलं. भाविका कणीक मळताना स्वतःशी म्हणत होती, की आपण बोलायला नको होतं. झाड गेलं असतं ते साळिंदरामुळे गेलं असतं, आता ते आपल्यामुळे गेल्यासारखं होईल. कुंदन म्हणाला, "थोडा वेळ दे. ती अशीच आहे. मनात चार वेळा फिरवल्याशिवाय हलत नाही."

तिसऱ्या दिवशी सकाळी भाविका मळ्यात गेली तेव्हा तिला लांबूनच फांद्यांची सळसळ ऐकू आली. शेप्याखाली खाट टाकून त्यावर अक्का उभ्या होत्या. हातात बांबूची आकडी. एक एक फांदी खाली ओढायच्या, मोहराचा तुरा मुळाशी धरायच्या आणि खटकन मोडायच्या. खाली पिवळसर सडा पडला होता आणि मधमाश्या गोंधळून त्यावर फिरत होत्या. सगळीकडे मोहराचा उग्र गोड वास पसरला होता.

शेजारच्या मळ्यातली पुना बांधावर थांबून बघत होती. "अक्का, येडी व्हयनी का तू?" तिने विचारलं.

"व्हयनी," अक्का म्हणाल्या आणि पुढची फांदी ओढली.

भाविका दुसऱ्या बाजूने सुरू झाली. उंचावरच्या फांद्यांसाठी दुपारी कुंदन शिडी घेऊन आला. शेंड्याचे तुरे काढता काढता त्याच्या डोक्यावर, खांद्यावर परागांची पिवळी धूळ बसली. संध्याकाळपर्यंत शेप्या हिरवा आणि साधा झाला, इतर कुठल्याही झाडासारखा. अक्कांनी मोडलेला मोहर टोपलीत भरला आणि गुरांपुढे टाकला. हात धुताना त्या भाविकाला म्हणाल्या, "तुना हातले चीक लागेल शे. गोडं तेल लाव." दोन दिवसांतलं ते त्यांचं पहिलं लांब वाक्य होतं.

पूल लगेच बांधता येणार नव्हता. झाडात रस खेळू लागला की साल लाकडापासून सहज सुटते, तोपर्यंत थांबायला हवं होतं. भाविकाने उघड्या लाकडावर मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावली, काड्यांसाठी फांद्या हेरून ठेवल्या, आणि रोज सकाळी एका बारीक फांदीची साल नखाने उचलून बघायला लागली. फाल्गुनात एके दिवशी साल ओल्या कागदासारखी अलगद सुटली. ती तशीच घरी धावत आली.

सुपडूला कुणी बोलावलं नव्हतं. तो तरीही आला. त्याच्या पिशवीत धार लावलेल्या दोन पटाशा, छोटी हातोडी आणि पुठ्ठ्याच्या डबीत चुका, म्हणजे बारीक खिळे, होत्या. "सुतारनं काम दिसनं," तो म्हणाला. "तू सांग, मी कापस."

त्याच्यावाचून काम निघालं नसतं, हे भाविकाने नंतर प्रत्येकाला सांगितलं. म्हाताऱ्या बुंध्याची साल अंगठ्याएवढी जाड होती. ती सांगेल त्या मापाची खाच सुपडू एका फटक्यात काढायचा, लाकडाला ओरखडाही जाऊ न देता. भाविका काडीचं टोक तिरकं तासून त्यात बसवायची. काडीची मधली बाजू थोडी धनुष्यासारखी बाहेर ठेवायची, म्हणजे वाऱ्याने बुंधा हलला तरी टोक निसटणार नाही. मग सुपडू वरून चुका ठोकायचा आणि कुंदन मेण पातळ करून सांध्यांवर सोडायचा. काडीचं खालचं टोक खालीच गेलं पाहिजे, उलटं चालत नाही, म्हणून भाविकाने प्रत्येक काडीच्या वरच्या टोकाला लाल दोरा बांधला होता. एक दोरा सुटला. त्या काडीचं वर-खाली काही केल्या ठरेना, तेव्हा अक्का पुढे आल्या, काडी डोळ्यांजवळ धरली आणि पानं गळाल्याच्या खुणेवरचा कोंबाचा डोळा कुठल्या दिशेला बघतो ते दाखवलं. "डोळा वर दखस," त्या म्हणाल्या. भाविकाला हे सुचायला हवं होतं. ती हसली आणि तिने काडी तशीच बसवली.

दुपार कलली तेव्हा बुंध्याभोवती सात काड्या उभ्या होत्या. आबांनी लांब उभं राहून पाहिलं. "झाडले टाका घालेल दिसतस," ते म्हणाले. त्यांनी मग बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं आणि त्याभोवती तारेची जाळी ठोकली.

नंतर वाट बघणं आलं. उन्हाळाभर अक्का रोज संध्याकाळी घागरीने पाणी घालायच्या, जरी ठिबक सुरू होतं तरी. दोन काड्या महिनाभरात वाळून गेल्या. उरलेल्या पाचांवर कोंब फुटले, तेव्हा घरात आनंद झाला. पण भाविकाने सांगितलं, की हे कोंब खुडायचे, काडीने पूल व्हायचं आहे, झाड व्हायचं नाही. ते काम अक्कांनी स्वतःकडे घेतलं. जाळीतून हात घालून त्या एक एक कोंब खुडत आणि काडीला वरून खाली बोट लावून बघत. त्या वेळी त्या काहीतरी पुटपुटतात असं कुंदन म्हणायचा. काय ते त्याने कधी ऐकलं नाही.

श्रावणात भाविका राखीसाठी पिंप्राळ्याला गेली. आठवडाभर राहायचं ठरलं होतं. दुसऱ्याच दिवशी सकाळी तिचा मोबाइल वाजला. नाव कुंदनचं होतं, आवाज अक्कांचा. लग्नानंतर अक्कांनी तिला फोन करायची ही पहिलीच वेळ.

"भाविका, काड्या वाळी गयात."

"कशावरून, अक्का?"

"हिरव्या व्हत्यात, आते भुऱ्या पडन्यात. वर चिरा पडन्यात. बारीक बारीक पुळ्या बी दिसतस." अक्कांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "मी रोज दखू. पानी बी घालू. मनंच काही चुकनं व्हई."

भाविका खिडकीपाशी गेली. खाली गल्लीत रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. तिने दुसरा कान बोटाने बंद केला. "अक्का, एक करा. कुठल्याही एका काडीला नख लावा. वरचं भुरं खरवडा, अगदी थोडंसं."

"माले भ्याव वाटस."

"काही होणार नाही. तीळभर खरवडा."

पलीकडे जाळी वाजल्याचा आवाज आला. कुंदन काहीतरी म्हणाला, अक्कांनी त्याला गप्प केलं.

"हिरवं शे," अक्का म्हणाल्या. "आतमा हिरवं शे. वल्लं शे."

भाविकाही घाबरली होती, ते तिला आत्ता कळलं.

"मग ती वाळली नाही, अक्का. तिला साल येतेय."

"साल?"

"कोवळ्या काडीला नुसती पातळ हिरवी कातडी असते. काडी जाड व्हायला लागली की ती कातडी पुरत नाही, ताणून फाटते. त्याच चिरा तुम्हाला दिसतायत. पण फाटायच्या आधीच काडी तिच्याखाली एक नवा थर तयार करते. तो थर बाहेरच्या बाजूला एकावर एक भिंत रचत जातो, विटांसारखी. त्या विटा मेणासारख्या पदार्थाने भरतात आणि मग मरतात. त्या मेल्या म्हणूनच पाणी आतून बाहेर जात नाही, ऊन लागत नाही, कीड शिरत नाही. भुरं दिसतं ते हे."

"आन् पुळ्या?"

"श्वास घ्यायची भोकं. सगळं बंद करून कसं चालेल? आतलं जिवंत आहे ना."

अक्का म्हणाल्या, "म्हंजे काडी मोठी व्हयनी."

"हो. नुसती जगली असती तर हिरवीच राहिली असती. अन्न जातंय म्हणून जाड होतेय, आणि जाड होतेय म्हणून साल धरतेय. पूल लागला, अक्का."

फोन ठेवला गेला नाही. अक्का कुणाला तरी, बहुधा आबांना, ओरडून सांगत होत्या, आणि सांगताना बरोबर त्याच क्रमाने सांगत होत्या, आधी कातडी, मग चीर, मग भिंत. भाविका ऐकत राहिली. तिची आई स्वयंपाकघरातून विचारत होती कुणाचा फोन म्हणून. ठरल्याप्रमाणे आठवडा न राहता ती राखी झाल्याबरोबर दुसऱ्या दिवशीच्या बसने परत निघाली. आई थोडी रागावली. मग तिनेच पिशवीत चिवडा भरून दिला.

त्यानंतर घरात एक नवीच सवय लागली. अक्कांना सालीचं वेड लागलं असं आबा म्हणायचे. मळ्यात जाता येता त्या झाडांना हात लावून बघायच्या आणि भाविकाला विचारायच्या. पेरू दरवर्षी कात टाकल्यासारखी साल का सोडतो, बाभळीची तशीच का राहते, निंबाला एवढ्या भेगा का. भाविका सांगायची. बुंधा जाड होत जातो तशी बाहेरची मेलेली साल फाटते आणि झाड आणखी आत नवा थर धरतं. काही झाडं जुनी साल टाकून देतात, काही अंगावर बाळगतात. दोघी चोपड्याला बाजाराला गेल्या तेव्हा भाविकाने त्यांना एका शाळेच्या आवारातलं बुचाचं झाड दाखवलं, जाडजूड, मऊ सालीचं. अक्कांनी अंगठा दाबून पाहिला. साल दबली आणि पुन्हा वर आली. मग त्यांनी आजूबाजूला कुणी नाही हे बघून आणखी एकदा दाबली.

पहिल्या वर्षी मोहर काढला होता, दुसऱ्या वर्षी शेप्या फुललाच नाही. लोणच्यासाठी अक्कांनी बाजारातून कैऱ्या आणल्या. त्या वर्षीच्या लोणच्याला चव नव्हती हे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे ते मुकाट्याने खात होते. काड्या मात्र हाताच्या अंगठ्याएवढ्या झाल्या, मग मनगटाएवढ्या. सोललेल्या पट्ट्याच्या वरच्या कडेलाही जाडसर ओठासारखा गोळा फुगला. आधी फिकट, मऊ. मग त्यालाही भुरी साल आली आणि तो हळूहळू खाली सरकू लागला.

तिसऱ्या वर्षी मोहर आला. मागच्यासारखा पिसाट नाही, जेमतेम अर्ध्या फांद्यांवर. भाविका काही म्हणायच्या आतच अक्कांनी निम्मा मोहर काढून टाकला. वैशाखात पहिली पाडाची फळं उतरली. अक्कांनी एक फळ सगळ्यांदेखत कापलं, फोड भाविकापुढे धरली आणि म्हणाल्या, "पहिलं तू खा." वास शेपूचा होता. भाविकाने खाल्लं. सुपडूकडे एक टोपली गेली, एक पिंप्राळ्याला. बाकीच्या आंब्यांचा रस झाला, आणि कोयी कुणीही फेकल्या नाहीत. अक्कांनी त्या सावलीत वाळवून मळ्याच्या बांधावर लावल्या.

त्याच पावसाळ्यात सुपडूचा फोन आला. शिरपूरच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी वना नावाच्या त्याच्या ओळखीच्या शेतकऱ्याची मोसंबीची बाग होती. साळिंदरांनी तिथे एका रात्रीत बरीच झाडं सोलली होती. माणूस कुऱ्हाड घेऊन उभा होता. "त्याले म्हनं थांब, मी एक बाई लई येस," सुपडू म्हणाला. "येशी का?"

भाविकाने कुंदनला विचारलं. कुंदन म्हणाला, "गाडी मी चालवतो." ती अक्कांना सांगायला स्वयंपाकघरात गेली तर अक्का भाकरी फडक्यात बांधत होत्या. भाकरी पाच माणसांना पुरतील इतक्या होत्या.

"अक्का, एवढ्या कशाला?"

"मी बी येस," अक्का म्हणाल्या आणि चप्पल शोधू लागल्या.

चोपड्याला सुपडूला गाडीत घेतलं. शिरपूरपर्यंत अक्का खिडकीतून झाडं बघत होत्या. बागेत पोचल्यावर वना हताश होऊन त्यांना झाडं दाखवू लागला. तिशीचा माणूस, रात्रभर झोपला नसावा. पहिल्याच झाडापाशी तो म्हणाला, "साल गयी, आते काय ऱ्हायनं?"

भाविका पिशवीतून चाकू काढत होती. ती बोलायच्या आधी अक्का झाडाशी खाली बसल्या. त्यांनी बुंध्याच्या एका बाजूला बोट फिरवलं. तिथे दातांनी फक्त वरचं भुरं खरवडलं होतं, खाली हिरवट ओल दिसत होती.

"इकडे दख, भाऊ," त्या वनाला म्हणाल्या. "वरली साल मरेल ऱ्हास. तिनं कामच ते शे. जिती साल आतमा ऱ्हास, पातळ. ती जठे शे, तठे झाड नवी वरली साल करी लेस." मग त्या उठून पुढच्या झाडाकडे गेल्या, तिथे वाकल्या आणि भाविकाला हाक मारली. "ह्याले मात्र पूल लागी. गोल फिरेल शे."

भाविका जाऊन बसली. पट्टा खरोखर गोल फिरलेला होता. तिने काडीसाठी वर पाहिलं, वनाला गेल्या हंगामातली फांदी दाखवली आणि तो ती तोडायला वळला. सुपडूने पटाशी काढली. कुंदनने मेणाचा डबा चुलीवर ठेवायला वनाच्या बायकोकडे दिला. अक्का रांगेतून एक एक झाड बघत पुढे जात होत्या आणि ज्या झाडाची एका बाजूची तरी साल जिवंत होती, म्हणजे जे पुलावाचून जगणार होतं, त्याच्या फांदीला चिंधी बांधत होत्या. दुपारपर्यंत बागेत कितीतरी चिंध्या हलू लागल्या. वना मग भाकरी खायला त्यांच्यात येऊन बसला, आणि बरोबर आणलेला ठेचा त्याने दोनदा मागून घेतला.